निम्म्यांना पुरेल इतकीच

१२ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि एवढं सगळं मोबाईलवर टाईप करायचं तर अंगठे मोडून पडतील. म्हणून हा कागद. पत्र न वाचता फेकायचं असलं तरी माणसाला उठून टोपलीपर्यंत जावं लागतं. तेवढे तरी कष्ट घे.

बाबा ठीक आहेत. तुला आधी हेच वाचायचं असेल, म्हणून आधी लिहिलं. रोज सकाळी खिडकीशी उभे राहून श्वास कोंडून धरतात आणि सिस्टर दारावरून गेल्या की सोडतात. "पोहणाऱ्याची छाती आहे ही, बाई!" अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं म्हटल्यावर एवढी ऐट त्यांना शोभते. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं की ते उचलायच्या आधी मान बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे बघतात. कुणी दिसलंच तर भांडायला. साथ सुरू झाल्यापासून इथे सगळे आपापल्या खोलीत जेवतात, त्यामुळे भांडायला कुणी मिळत नाही, आणि त्याचा त्यांना जास्त त्रास होतो.

वहिनीने तुझा निरोप दिला. "बाबांचं नाव पहिलं घाल. तू तिथली मुख्य आहेस, एवढं तरी कर." त्यातलं "एवढं तरी" मी ऐकलं, दादा. तीन वर्षांपूर्वी बाबा तुझ्या घरून बॅग भरून निघाले आणि थेट माझ्या या वृद्धाश्रमात येऊन उभे राहिले, तेव्हापासून ते "एवढं तरी" तुझ्या प्रत्येक वाक्यात असतं. मी त्यांना फूस लावली असं तुला वाटतं. नाही लावली, हे मी पुष्कळदा सांगून पाहिलं. आज सांगत नाही.

लस येतेय, हे खरं. पण निम्म्यांना पुरेल इतकीच. राहणारे आणि काम करणारे मिळून जेवढे आहोत त्यांच्या निम्म्यांना. बाकीची "पुढच्या खेपेला", आणि ती खेप कधी, ते आरोग्य खात्याच्या साहेबांनाही माहीत नाही. मी विचारलं, आधी कुणाला द्यायची? साहेब फोनवर फार गोड बोलले. "आतला क्रम तुम्हीच लावा मॅडम. तुमची माणसं तुम्हाला जास्त माहीत." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, साहेब मोकळे झाले आणि मान माझी अडकली.

आमचे डॉक्टर म्हणतात, प्रश्नच नाही. "मरतं कोण? म्हातारे. मग वयाप्रमाणे वरून खाली या. सरळ हिशोब."

सिस्टर उसळल्या. "आणि आत आणतं कोण? आम्ही! आम्ही बसने येतो, बाजारातून येतो, आणि मग सगळ्यांना अंघोळी घालतो. आम्हाला आधी द्या, म्हणजे दारातच थांबेल."

"लस घेतलेला माणूस रोग पसरवत नाही, असं अजून कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही."

"बरं, पसरवू दे. पण आम्ही सगळ्या आडव्या झालो तर यांना संडासला कोण नेणार? तुम्ही?"

यावर डॉक्टर चष्मा पुसत बसले.

दोघांचं म्हणणं मला पटलं, हीच पंचाईत. म्हणून ठरवलंय की ज्यांचं आयुष्य आहे त्यांनाच विचारायचं. शनिवारी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावतेय, खिडक्या उघड्या ठेवून, लांब लांब बसवून. तुला हे बावळटपणाचं वाटेल. वाटू दे.

तुझी,
छोटी


१७ जानेवारी

दादा,

सभा झाली. काय सांगू तुला! आधी तर सगळे एकमेकांकडे बघतच राहिले. समोरासमोर बसून महिने झाले होते. जो तो ठेवणीतले कपडे घालून आलेला. कप्तानने मिशी कोरली होती. (कप्तान म्हणजे आमचे एक आजोबा. जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते, पण इथे आल्यापासून कप्तान. त्यांची त्याला हरकत नाही.) बाईंनी लिपस्टिक लावली होती, आणि तोंडाला मास्क असल्यामुळे ती कुणालाच दिसणार नव्हती. हे त्यांनीच मला येता येता कानात सांगितलं. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. इथे सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणतात आणि त्यांच्यासमोर जरा ताठ बसतात.

मी परिस्थिती सांगितली. निम्म्यांना पुरेल इतकीच आहे, काय करावं, तुम्ही सांगा.

मग बाईंनी हात वर केला. "माझी लस या काम करणाऱ्या मुलींपैकी कुणाला तरी द्या. मी भरपूर जगले. त्यांना लहान लहान मुलं आहेत."

टाळ्या! मग काय, साथच पसरली, दुसरी. कप्तान उठले, "माझीही द्या." पलीकडच्या आजी म्हणाल्या, "माझीही." कुणीतरी डोळे पुसले. सिस्टर तर रडायलाच लागल्या. आणि मी, दादा, खरं सांगू? मला हायसं वाटलं. माझ्यावरचं ओझं म्हातारी माणसं आपणहून उचलत होती, आणि ते दिसायलाही किती सुंदर दिसत होतं.

तेवढ्यात बाबा उठले.

"टाळ्या कसल्या वाजवताय?"

मी म्हटलं, "बाबा, बसा."

"बसणार नाही. मला लस हवीय. मला मरायचं नाही. ऐंशी उलटली म्हणून काय झालं? मला जगण्याचा कंटाळा आलेला नाही. कुणाला आला असेल तर त्याने सांगावं." कुणीच सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळले. "आणि तू. भर सभेत विचारतेस, त्याग करणार का म्हणून? इथे नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेल? याला विचारणं म्हणत नाहीत, कोंडीत पकडणं म्हणतात. आणि वरच्या मजल्यावर जे पलंगाला खिळलेत, ज्यांना मास्कही तोंडावर ठेवता येत नाही, ते कुठे आहेत या सभेत? त्यांच्या वतीने त्याग कोण करणार? हा कप्तान?"

कप्तान खाकरले. "म्हणजे मी म्हणालो ते... तसं गरज पडली तर, असं म्हणालो."

एकदम हशा पिकला. पलीकडच्या आजींनीही हसत हसत आपला हात मागे घेतला. दोन-चार जण सैल झाले. बाई मात्र हसल्या नाहीत. ताठ बसून होत्या.

मी बाबांवर इतकी चिडले होते की सभा संपल्यावर त्यांच्याशी बोललेच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की ते बोलले त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाहीये.

छोटी


२५ जानेवारी

दादा,

क्रम ठरला. डॉक्टर, सिस्टर आणि मी, आम्ही तिघं बसलो. या वेळी वय सोडलं, त्याग सोडला, आणि एवढंच बघितलं की रोग आत आलाच तर कुणाला स्वतःला वाचवता येणार नाही. वरच्या मजल्यावरचे सगळे पलंगावरचे आधी. मग त्यांना हात लावणाऱ्या, प्रत्येक खोलीत जाणाऱ्या. मग एका खोलीत दोघं-दोघं राहतात ते. त्यानंतर स्वयंपाकघर आणि धुलाई. आणि सगळ्यात शेवटी, खालच्या मजल्यावर एकट्याच्या खोलीत राहणारे, हिंडते-फिरते, धडधाकट. त्यांना दार लावून बसता येतं.

खालच्या मजल्यावर एकट्याच्या खोलीत कोण राहतं, ते तुला माहीत आहे.

सांगायला मी स्वतः गेले. दारातूनच बोलले.

"नियम कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"आम्ही तिघांनी."

"मी सभेत बोललो म्हणून केलात ना?"

"हो."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "बरोबर आहे नियम. मला राग आलाय, ते वेगळं. आता जा तू. मला जरा नीट रागावू दे."

बाई दोघींच्या खोलीत राहतात, म्हणजे त्यांचं नाव निम्म्यांत बसत होतं. बाबांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मुद्दाम एकटी गेले. त्यांच्या खोलीतल्या आजींना ऐकू येत नाही, त्यामुळे एकांतच होता. बाई शब्दकोडं सोडवत होत्या.

"बाई, सभेतलं राहू द्या. तुम्हाला लस मिळणार आहे. घ्याल ना?"

"बाकीच्यांनी मागे घेतलं का?"

"काहींनी."

"हं." पेन्सिलीचं टोक बघत राहिल्या. "मी नाही घेतली तर माझी कुणाला जाईल?"

"क्रमाने धुलाईच्या मावशींना."

"सगळ्यांच्या चादरी उचलते ती. रोज." मग म्हणाल्या, "वर्गात एकदा वर केलेला हात मी खाली घेत नसते. जा, कामं असतील तुला."

मी थँक्यू म्हटलं आणि निघाले. जरा लगबगीनेच निघाले. दारात मागे वळून पाहिलं असतं तर त्या काही बोलल्या असत्या का, हे मला सांगता येणार नाही.

परवा लस झाली. बर्फाच्या निळ्या पेटीतून आली. धुलाईच्या मावशी सुई टोचायच्या आधीच ओरडल्या आणि टोचल्यावर विचारत होत्या, "कधी टोचणार?" वरच्या मजल्यावरचे एक आजोबा, जे महिनोन्‌महिने कुणाशी बोलले नव्हते, ते सिस्टरला म्हणाले, "झालं? एवढंच?" बाबा आपल्या दारात खुर्ची टाकून बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे दंड बघत.

दंड दुखतोय, म्हणून आज थोडक्यात आवरते.

छोटी


८ फेब्रुवारी

दादा,

तीन पत्रांना तुझं एक उत्तर आलं, आणि त्यात एकच ओळ. "तुझा दंड का दुखत होता?"

तुला लहानपणापासून माझी नेमकी तीच गोष्ट दिसते, जी मी झाकलेली असते.

घेतली मी. पहिल्याच दिवशी घेतली. नियमच तसा होता. प्रत्येक खोलीत जाणाऱ्यांत मी येते. हे मी त्या पत्रात सरळ लिहू शकले असते, लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ऐकू येत होतं. स्वतः घेतली आणि बापाला मागे ठेवलं.

त्या दिवशी मी सिस्टरना म्हटलं होतं, माझी बाबांना द्या, मी थांबते. सिस्टर सुई हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "द्या ना. खुशाल द्या. मग उद्या माझी माझ्या सासऱ्यांना देते. डॉक्टर त्यांच्या बायकोला देतील, तिला दमा आहे. आणि मग वरच्या मजल्यावरच्यांचं कोण आहे? त्यांना तर भेटायलासुद्धा कुणी येत नाही." मी बाही वर केली.

दादा, ज्याला कुणी नाही त्याच्या नावाने तो क्रम लावला होता. त्यात मी माझा माणूस घुसवला असता तर ते सगळे पुन्हा एकेक पायरी खाली गेले असते. डोक्याला हे पटतं. बाबांच्या दारावरून जाताना मात्र मी बाही खाली ओढते, अजूनही.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुला सांगायला जमलं नाही, त्यांना जमलं. ते म्हणाले, "दाखव." मी दारातूनच बाही सरकवली. "दुखतंय?" म्हटलं, थोडं. "बरं झालं. एकीची काळजी मिटली." मग दार लावून घेतलं. दोन दिवस जेवणाचं ताट घेतानाही मान बाहेर काढली नाही त्यांनी.

तुला रागवायचं असेल तर रागाव. पण माझ्यावर रागाव, नियमावर नको.

छोटी


१४ मार्च

दादा,

काल वहिनीला फोनवर सगळं सांगितलंय, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

दुसरी खेप आलीच नाही. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करता करता रोग आधी आला. कुठून आला ते कळलं नाही. पाण्याची मोटार दुरुस्त करायला माणसं आली होती, काम करणाऱ्या एकीच्या घरी पाहुणे आले होते. डॉक्टर म्हणाले, शोधत बसू नका, कुणाच्या तरी आयुष्याला ते कायमचं चिकटेल. मी शोधलं नाही.

वरचा मजला वाचला. एकालाही जोराचा झाला नाही. दोघींना नुसता ताप आला आणि गेला. पहिल्या खेपेतल्या सगळ्यांची दुसरी सुईही झाली होती. खाली मात्र पाच जणांना झाला. त्यात बाबा आहेत. आणि बाई. बाईंच्या खोलीतल्या आजींना, ज्यांनी सुई घेतली होती, त्यांना साधा खोकलासुद्धा नाही.

बाबांना काल दवाखान्यात हलवलं. गाडीत चढताना धाप लागली होती, तरी ड्रायव्हरला म्हणाले, "पोहता येतं का तुला?" तो नाही म्हणाला. "मग माझी सीट मागे टाकू नकोस. मला बसून राहू दे. पाण्यात डोकं वर आहे तोवरच माणूस आहे." ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते म्हणतील तसं कर.

बाई दवाखान्यात जायला तयार नाहीत. खाटच मिळत नव्हती म्हणा, पण मिळाली असती तरी नाही म्हणाल्या. नळ्या नकोत, यंत्र नको. डॉक्टरांनी इथेच ऑक्सिजन लावलाय.

बाबांच्या वॉर्डातला नंबर वहिनीकडे दिलाय.

छोटी


२९ मार्च

दादा,

बाई गुरुवारी दुपारी गेल्या.

त्या खोलीत जायला कुणाचं मन होईना, आणि मी कुणाला जबरदस्ती करू शकत नव्हते. सिस्टर वर-खाली धावत होत्या. तेव्हा धुलाईच्या मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हात ओले, पदराला पुसत.

"ताई, बाईंकडे मी बसते."

"मावशी, तुमचं ते काम नाही."

"त्यांची सुई माझ्या हातात आहे. मी नाही तर कोण जाणार?"

मग रोज, चादरी मशिनमध्ये टाकून झाल्या की अंगभर झगा, तोंडाला दुहेरी मास्क घालून त्या बाईंकडे बसायच्या. पाणी पाजायच्या. कोमट पाण्याने केस धुऊन दिले. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या म्हणे, "भांग वाकडा पाडलास. पुन्हा पाड." मावशींनी पुन्हा पाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडाच. "तुला मुली असत्या तर त्या माझ्या शाळेत वाकड्या वेण्या घालून आल्या असत्या," असं म्हणून बाई हसल्या आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली. गेल्या तेव्हा मावशी शेजारीच होत्या. खोलीतल्या आजींना आम्ही वर हलवलं होतं.

डॉक्टर मला म्हणाले, "बघा, बाईंनी दिलेली लस शेवटी बाईंच्याच उपयोगी आली." त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, पण मला ते वाक्य सहन झालं नाही. लस घेतली असती तर बाई बहुतेक आज शब्दकोडं सोडवत बसल्या असत्या आणि केस स्वतःचे स्वतः विंचरले असते. त्यांनी दिलं ते मोठंच होतं, पण ते देताना त्यांना खरंच द्यायचं होतं की सगळ्यांच्या देखत वर गेलेला हात खाली आणता येत नव्हता, हे मला माहीत नाही. मावशींना माहीत नाही. बाई ते घेऊन गेल्या. मावशी सध्या जेवत नाहीत नीट. त्यांना मी एवढंच सांगितलं की तुम्ही मागितली नव्हती, तुमची पाळी आली होती.

आता बाबा. ऑक्सिजन कालपासून कमी केलाय. त्यांना छातीच्या व्यायामाला, नळीतून श्वास ओढून प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर उचलायचं एक यंत्र दिलंय. पहिले तीन-चार दिवस एकही गोळी हलेना, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते म्हणे. मग एक उचलली. काल दोन. नर्सला म्हणाले, "तिसरीही उचलेन, पण तिला घाई करू नका."

ही नर्स फार बोलकी आहे, दादा. मी फोन केला की म्हणते, "आत्ताच तर सांगितलं तुमच्या भावाला!" सकाळी, दुपारी, संध्याकाळी. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि तिचा नंबर तुला पाठ झालाय. मी बाबांना सांगितलेलं नाही. नर्सने सांगितलंय.

छोटी


२५ एप्रिल

दादा,

बाबा घरी आले. घरी म्हणजे इथे. तू चिडशील, पण लिहून गेला हात, आता खोडत नाही. वजन बरंच उतरलंय. आवाज मात्र होता तसा आहे.

आणि ऐक, दुसरी खेप आली. ते सांगायला बाबांच्या दारात गेले तर डॉक्टर माझ्या आधी पोचले होते. रोग होऊन गेलेल्यांनी तीन महिने थांबायचं, असा आदेश आहे. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

"म्हणजे तेव्हा मला झाला नव्हता म्हणून नाही, आणि आता झाला म्हणून नाही!"

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

"मग मी नक्की काय करू म्हणजे मला लस मिळेल, ते एकदा लिहून द्या."

कॉरिडॉरमधले सगळे हसले. बाबाही हसले, आणि हसता हसता धाप लागली, आणि ती ओसरेपर्यंत आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे राहिलो.

ही खेपही सगळ्यांना पुरणारी नाही. पण या वेळी मी सभा घेतली नाही. एकेकाच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि तुम्ही थांबाल का, सोडाल का, दुसऱ्याला द्याल का, असलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला हवीय का?"

सगळे हो म्हणाले. एकूण एक. ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या तेही. कप्तानने तर मला दार पुन्हा एकदा ओढून बघायला लावलं, नीट लागलंय का म्हणून, आणि मग अगदी हळू म्हणाले, "हवीय मला. खूप हवीय. कुणाला सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत. तुला सांगतेय, पण तू कुणाशी बोलतोस!

क्रम आम्हीच लावला, आधीसारखाच. ज्यांना या वेळी मिळाली नाही त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, की तुम्हाला हवी होती आणि ती आम्ही देऊ शकलो नाही. एक आजी रडल्या. एक आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हे सभेपेक्षा फार जड गेलं, आणि तरीही मला यातच बरं वाटतं. निदान कुणाच्या ना-ला मी हो समजले नाही, आणि हो-ला ना.

बाईंच्या खोलीपाशी मात्र पाय अडखळतो.

काल संध्याकाळी बाबांजवळ आत बसले होते. आता बसता येतं. तुझा विषय निघाला, त्यांनीच काढला. मी विचारलं, जे मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. त्याच्याकडे तुम्हाला काय कमी होतं?

"काही कमी नव्हतं," ते म्हणाले. "नुसते जपत होते मला. जोरात बोललो तरी कुणी उलटून बोलायचं नाही. वाद घातला की तो म्हणायचा, बरोबर आहे बाबा. अगं, पोराने आयुष्यात माझं काही बरोबर मानलं नव्हतं! मला वाटलं, आता मी याच्या लेखी संपलो, म्हणून हा भांडत नाही." पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "तीन वर्षं रागावून बसला, तेव्हा जरा बरं वाटलं. तो दवाखान्यात तीन-तीनदा फोन करायचा ना? मी नर्सला म्हटलं, त्याला सांगू नका मी बरा आहे. सांगा, कुरकुर करतायत."

बाबांची लसीची पाळी जुलैमध्ये येते. सोबत एका नातेवाइकाला आत येऊ देणार आहेत. एकालाच. मी इथलीच आहे, मी त्यात धरली जात नाही.

हे मी वहिनीकडून निरोप म्हणून पाठवलं असतं, तर त्यात आपोआप सगळे आले असते, वहिनी, मुलं, लोक काय म्हणतील ते लोक. म्हणून तुला एकट्याला लिहितेय. तू यायला हवंस असं मी म्हणत नाही. मुलगा म्हणून, मोठा म्हणून, बाबा आता थकलेत म्हणून, यातलं काहीच म्हणत नाही. नाही म्हणालास तरी मी ते तसंच्या तसं त्यांना सांगेन आणि त्यात काही मिसळणार नाही.

दादा, तुला यायचंय का?

छोटी